कुठं कापायचं हे कात्रीला कसं कळतं

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, माझ्यावर जितके उपकार आहेत तितके दुसऱ्या कुणाचे नाहीत. हे वाक्य मी याआधी दोनदा लिहिलं आहे, एकदा एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आणि एकदा कॉलेजच्या वार्षिक अंकात. दोन्ही वेळा ते खरं होतं आणि दोन्ही वेळा अपुरं होतं.

आम्ही होटगीचे. वडील रुळांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. पाठीला मार बसला आणि ते घरी बसले. त्या वर्षी अक्का दहावी पास झाली, आमच्या घरातली पहिली. तिचे मार्क पुढे मला पडले त्यापेक्षा जास्त होते. गुणपत्रिका आईने पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पुढच्याच आठवड्यापासून अक्का सकाळच्या गाडीने सोलापूरला, टॉवेलच्या कारखान्यात जायला लागली. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तेव्हा सहावीत होतो, आणि मला फक्त एवढंच वाटलं की आता संध्याकाळी माझा अभ्यास घ्यायला ती उशिरा येणार.

कारखान्यात ती कटिंगच्या टेबलावर होती. ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टॉवेल मागावरून सुटा सुटा उतरत नाही. एकामागून एक टॉवेल एकाच लांब कापडात विणले जातात. एक टॉवेल संपला की विणकर चार बोटं जागा आडवा धागा न घालता सोडतो, तिथे नुसते उभे धागे दिसतात, आणि मग पुढचा टॉवेल सुरू होतो. कापणाऱ्याने त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मध्ये कात्री चालवायची, म्हणजे दोन्हीकडच्या टॉवेलांना दोन-दोन बोटं सुटे धागे राहतात. त्यांना दशा म्हणतात. पुढे त्यांच्या गाठी मारल्या की गोंडे होतात.

अक्का हे काम न बघता करायची. डाव्या हाताची बोटं कापडावरून सरकत राहायची, कापड टेबलावरून वाहत असायचं, आणि बोटांना मोकळी जागा लागली की ती थांबायची, मूठ घट्ट व्हायची, कात्री चालायची. तेवढ्या वेळात ती शेजारणीशी बोलत असे किंवा दाराबाहेर बघत असे. हे तिला मागावरच्या एका म्हाताऱ्या चाचांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, "आँख से नक्को देख बेटी, आँख थक जाती. उंगली से देख."

माझी बारावीची परीक्षा झाली तेव्हा अक्काने मुकादमाला विचारून मला सुट्टीपुरतं त्याच कारखान्यात लावलं. कॉलेजचा प्रवेश होईपर्यंतचे ते दोन महिने. आज मला आयुष्यातले कुठले दिवस परत हवेत असं कुणी विचारलं, तर मी तेच मागेन. सकाळच्या पॅसेंजरमध्ये ती मला खिडकी द्यायची. डबा एकच असायचा, त्यात दोघांच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी. दुपारी माग बंद झाले की कानात एकदम पोकळी व्हायची, आणि त्या शांततेत ती मला विचारायची, "काल काय वाचलंस ते सांग की." मी पेशीचं केंद्रक सांगायचो, पानातलं हरितद्रव्य सांगायचो. ती घास तोंडाशी धरून ऐकायची आणि मधेच असा काही प्रश्न विचारायची की मला पुस्तक परत उघडावं लागायचं. "पानं हिरवी, मग केळीचं खोड आतून पांढरं कसं?" असले प्रश्न. शेजारच्या बायका हसायच्या. "मास्तरीण व्हायची ऱ्हायली बघा ही," म्हणायच्या.

माझं काम धागे काढायचं होतं. मागावरून उतरलेलं कापड कटिंगला जाण्याआधी त्याच्यावरचे सुटलेले, लोंबणारे धागे छोट्या कात्रीने काढायचे. सोपं काम होतं. पण मी ते परीक्षेच्या पेपरसारखं करत होतो. मुकादमाने एकदा माझ्या कापडावरून हात फिरवून "चांगलं हाय" म्हटलं होतं, आणि ते मला त्याने पुन्हा म्हणायला हवं होतं.

जूनच्या सुरुवातीला एका मठाची ऑर्डर आली. पंगतीत बसायला लांब पट्ट्या हव्या होत्या, एका पट्टीवर अकरा माणसं. त्यासाठी माग बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याच मागावर, त्याच मापात विणायचं ठरलं. त्यामुळे दोन माणसांच्या मध्ये तशीच चार बोटं मोकळी जागा येणार होती. फक्त ती कापायची नव्हती. आमच्या कारखान्यात त्यासाठी एक रीत होती. जी मोकळी जागा कापायची नाही तिथे विणकर कडेला लाल धाग्याची बारीक गाठ मारायचा. कटिंगवालीच्या बोटाला गाठ लागली की ती पुढे जायची. ना लिहिणं, ना सांगणं. कापडच तिला सांगत असे की इथं मला सोड.

मला ही रीत कुणी सांगितली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कुणाला सांगायची आठवण झाली नाही. मी त्या पांढऱ्या पट्टीवर लाल धाग्याच्या गाठी पाहिल्या, एकेक करून दहा. मला वाटलं दुसऱ्या रंगाच्या बॉबिनचा धागा चुकून आला. मी त्या फार जपून काढल्या, कापडाला ओरखडा न येऊ देता. दहा लाल गाठी माझ्या डाव्या मुठीत होत्या आणि मला माझ्या कामाचं कौतुक वाटत होतं.

पट्टी अक्काच्या टेबलावर गेली. तिची बोटं सरकली, मोकळी जागा लागली, गाठ शोधली, मिळाली नाही, कात्री चालली. ती शेजारणीला कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत होती. मुकादम ओरडला तेव्हा पट्टीचे अकरा तुकडे झाले होते.

"डोळे काय घरी ठिवून आलीस व्हय गं? सांगितलं नव्हतं का पट्ट्या येनार हायत म्हून?"

अक्काने तुकडे उचलले. एका तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. गाठ असायची त्या जागेवर तिचा अंगठा थांबला. मी चार हातांवर उभा होतो. मी तोंड उघडलं होतं. ते मला नक्की आठवतं.

"चुकलं माजं," अक्का म्हणाली. "लक्ष न्हवतं."

आणि मी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून तिला कटिंगवरून काढलं आणि दशा गाठायला खाली जमिनीवर बसवलं. कटिंगचं टेबल कारखान्यात मानाचं होतं. तिथली बाई उभी असते, सगळ्यांना दिसते, तिच्या हातून माल सुटतो. गाठी मारणाऱ्या बायका भिंतीला टेकून रांगेत बसतात. संध्याकाळी गाडीत तिने मला नेहमीसारखी खिडकी दिली. मी खिशात टाकलेल्या त्या लाल गाठी चाचपत होतो. तीच म्हणाली, "तोंड काय पाडून बसलास? बसून काम मिळालं. पाय दुखत न्हाईत आता." गाडी होटगीला येण्याआधी मी खिशातल्या लाल गाठी खिडकीतून सोडून दिल्या. ती तेव्हा दुसरीकडे बघत होती, निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी धागे काढत तिच्या रांगेजवळून जात होतो. तिने मान वर न करता, हातातली गाठ आवळत म्हटलं, "लाल दिसला तर सोडायचा, बरं का." तिने हे नव्या माणसाला शिकवावं तसं म्हटलं. मी "हो" म्हणालो. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला त्या वाक्यावरून अजूनही ठरवता आलेलं नाही.

पुढे बी.एस्सी., मग एम.एस्सी. ती गाठी मारत राहिली. माझं शिक्षण होईपर्यंत तिने घरात स्वतःच्या लग्नाचा विषय निघू दिला नाही. कटिंगचं टेबल तिला पुन्हा मिळालं नाही.

एम.एस्सी.ला आम्हाला एक मॅडम रेणवीय जीवशास्त्र शिकवायच्या. एका सकाळी त्यांनी जंतूंच्या कात्र्या शिकवायला घेतल्या. त्यांना रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणतात. बाहेरचा विषाणू जंतूच्या पेशीत आपलं डीएनए सोडतो, तेव्हा जंतू हे एन्झाइम वापरून त्याचे तुकडे करतो. एन्झाइम डीएनएवर ठरावीक अक्षरांची जागा शोधतं आणि नेमकं तिथेच कापतं. माझ्या मनात आलं ते मॅडमनी पुढच्याच वाक्यात विचारलं: तीच अक्षरं जंतूच्या स्वतःच्या डीएनएतही असतात, मग हे एन्झाइम त्याच्या स्वतःच्या डीएनएचे तुकडे का करत नाही? "कारण," त्या म्हणाल्या, "जंतू आपल्या डीएनएवर त्या प्रत्येक जागी आधीच एक बारीकशी रासायनिक खूण करून ठेवतो. खूण असली की एन्झाइम सोडून देतं. खूण पुसली गेली तर त्याचा काही इलाज नाही. ते कापणारच. त्याची चूक नसते."

वहीत मी त्या खुणेची, म्हणजे मेथिल गटाची, आकृती काढली. ती वाकडी आली.

त्याच रविवारी मी घरी होतो. अक्का उंबऱ्यावर मेथी निवडत बसली होती आणि मी वही घेऊन भिंतीला टेकलो होतो. कारखान्यातली आमची दोघांची दुपारची सुट्टी संपून बरीच वर्षं झाली होती, पण तिची सवय गेली नव्हती.

"काय वाचतोस?"

"एन्झाइम आहे एक. डीएनए कापतं. जंतूची कात्रीच म्हण."

"कात्री व्हय?" तिचे हात थांबले. "मग कुटं कापायचं हे तिला कसं कळतं?"

जगात हा प्रश्न विचारायचा सगळ्यात जास्त अधिकार तिला होता. तिच्या बोटांनी हजारो वेळा त्याचं उत्तर दिलं होतं. मी सांगायला लागलो असतो तर चाचपून कळतं हे सांगितलं असतं, मग मोकळी जागा आली असती, आणि मग खूण आली असती. खूण आली असती तर लाल धागा आला असता.

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

त्यानंतर तिने मला माझ्या अभ्यासाबद्दल, कामाबद्दल कधीच काही विचारलं नाही. जेवलास का, तब्येत बरी आहे का, आईला गोळ्या दिल्यास का, एवढंच. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात गेली. त्यांचा ऊस आहे, केळी आहे. फोन केला की मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येतो. फोन स्पीकरवर असतो, सगळं घर ऐकत असतं. तिथे ती सुखात आहे. माझ्याजवळ नाही, एवढंच.

मी आता सोलापुरातल्या एका कॉलेजात शिकवतो. त्या कारखान्यावरून माझा रस्ता जातो. आत नवे माग आले आहेत, म्हातारे चाचा राहिले नाहीत. दार उघडं असलं तर मी गाडी हळू करतो. कटिंगच्या टेबलाशी कुणीतरी उभं दिसतं आणि ते आपल्या ओळखीचं नाही हे कळायला मला दर वेळी एक क्षण लागतो.

या वर्षी पहिल्या सत्रात मी त्याच एन्झाइमचं प्रात्यक्षिक घेत होतो. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात एन्झाइमची बोटाच्या पेराएवढी नळी. ते डीएनएत मिसळून सदतीस अंशांवर तासभर ठेवायचं. "सर, मे महिन्यात घ्यायचं प्रात्यक्षिक, मशिनच लागलं नसतं," मागून एकजण म्हणाला आणि सगळे हसले. तासभर काही करायचं नसतं. त्या वेळात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एक डाउट आहे. याला डोळे नाहीत, काही नाही. मग कुठं कापायचं हे त्याला कसं कळतं?"

मी तिला सांगितलं. खडू ठेवला, टेबलावरचा नॅपकिन उचलला आणि डाव्या हाताची बोटं त्यावरून सरकवत सगळं सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलगी म्हणाली, "आत्ता कळलं." मग नळ्या बाहेर काढल्या, तुकडे लांबीनुसार वेगळे व्हावेत म्हणून जेल चालवलं, आणि दिव्याखाली डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे नारिंगी चमकले. मुलं फोटो काढत होती. मी खुर्चीवर बसलो होतो. मनात सारखं येत होतं की हे उत्तर मी ज्या हातांवरून शिकलो, त्या हातांच्या माणसाला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलं आहे. इतक्या वर्षांत मी तिला घड्याळ दिलं, साड्या दिल्या. प्रबंधात तिचा उल्लेख केला. तिने मागितलं होतं ते एकच, आणि तेवढंच दिलं नाही.

फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. रविवारी सकाळी मी पत्र लिहिलं आणि सोमवारी कॉलेजला जाताना पोस्टात टाकलं. तिला आलेलं पत्र ती स्वतःच वाचते, कुणाकडून वाचून घेत नाही. ते पत्र असं होतं.

अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस. आई बरी आहे, मीही बरा आहे. हे पत्र एकटी असताना वाच, आणि वाचून झाल्यावर दाजींना दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

तू एकदा मेथी निवडताना मला विचारलं होतंस, की कुठं कापायचं हे कात्रीला कसं कळतं. मी म्हणालो होतो, तुला नाही कळायचं. ते खोटं होतं. तुला माझ्याआधी कळलं असतं.

ती कात्री म्हणजे एक प्रथिन आहे, इतकं बारीक की आपल्याला दिसत नाही. डीएनए म्हणजे पीळ घातलेले दोन धागे, आणि त्यांच्यावर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, लाखो वेळा. त्या प्रथिनाला डोळे नाहीत. ते धाग्याला सैल धरतं आणि चाचपत सरकत जातं, तुझी बोटं सरकायची तसं. आम्ही जी कात्री वापरतो तिला सहा अक्षरांची एक ओळ लागते. पाच जुळली आणि एक चुकलं तर ती पुढे जाते. सहाही जुळली की ती धागा घट्ट धरते, धागा जरासा वाकतो, आणि मग कापते. तेही सरळ नाही. दोन धागे थोड्या थोड्या अंतरावर कापते, म्हणून दोन्ही टोकांना चार-चार अक्षरं लोंबत राहतात. आमच्याकडेही त्या दशाच आहेत, आणि त्यांच्या आधाराने एका ठिकाणचा तुकडा दुसऱ्या ठिकाणी जोडता येतो. तू म्हणशील, टॉवेलला मोकळी जागा असते, ह्याला कुठं आहे? नाही. इथे सगळीकडे वीणच आहे, विणीतली एक ठरावीक नक्षी तिला ओळखावी लागते. तुझ्यापेक्षा तिचं काम अवघड आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. तिला शेजारणीशी बोलत काम करायचं नसतं.

आता पुढचं. जंतूच्या स्वतःच्या धाग्यातही ती सहा अक्षरं येतात. तिथे कात्री चालू नये म्हणून तो आधीच एक खूण करून ठेवतो. खूण असली की कात्री सोडून देते. कुणी खूण काढली तर कात्री कापते, आणि त्यात कात्रीचा दोष नसतो.

अक्का, मठाच्या पट्टीवरचे लाल धागे मी काढले होते. दहाच्या दहा. मला ते कशाचे आहेत ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण मुकादम ओरडला तेव्हा ठाऊक झालं होतं, आणि मी चार हातांवर उभा असून गप्प बसलो. तुझं लक्ष होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. तू कटिंगवरून गेलीस ती माझ्यामुळे, आणि नंतरही मी तोंड उघडलं नाही. पुढे तू प्रश्न विचारलास तेव्हा उत्तराच्या वाटेत हे उभं होतं, म्हणून तुलाच कमी लेखून मी वाट बंद केली. गप्प बसलो ते एकदा भीतीने झालं. हे दुसरं मी समजून उमजून केलं, आणि त्याची मला जास्त लाज वाटते.

तुला तेव्हाच कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. कळलं असेल तर तू ते इतकी वर्षं सांभाळलंस. नसेल कळलं तर आता राग येईल, तो येऊ दे. त्या चाचांना हे सांगायचं राहून गेलं. मुकादम अजून आहेत. मी पुढच्या मंगळवारी जाऊन त्यांना सांगणार आहे, तू नको म्हणालीस तरी.

दुपारी माग बंद झाले की तू विचारायचीस, काल काय वाचलंस ते सांग की. कॉलेजात रोज दुपारी जेवायच्या सुट्टीची घंटा वाजते, मुलं बाहेर जातात आणि वर्गात शांत होतं. आता कुणी विचारत नाही.

तुला अजून काही विचारायचं असेल तर विचार. या वेळी सांगेन.

तुझा भाऊ